मंजूचा टायपॅन

माझ्या मावसाजींइतका काळजी करणारा माणूस भिलाईत दुसरा झाला नसेल. पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरातला बल्ब बदलतानाही डोक्यावर हेल्मेट असायचं. पावर हाउस भागातल्या बाजारात भाजी घेताघेता शेजारणीला फोन जायचा, "वहिनी, आमच्या घरून धूर तं नाही ना निघून राहिला?" दुर्गहून गाडी पकडायची तर ते आधीच्या गाडीच्या वेळेलाच फलाटावर हजर, आणि एवढं करूनही आपण चुकीच्या गाडीत बसलो ही शंका नागपूरपर्यंत छळायची. मावशी गेल्यावर त्यांना एकटी मुलगी मंजू उरली, आणि ती नोकरीसाठी गेली थेट हाँगकाँगला.

एका सकाळी ते मोबाइल हातात धरून माझ्याकडे आले. चेहरा पांढराफटक. मंजूचा निरोप होता, "बाबा, आजपासून टायपॅनसोबत काम. खूप भीती वाटून राहिली." मावसाजींनी तो शब्द शोधला होता, आणि मोबाइलवर एक तपकिरी, भयंकर विषारी साप वेटोळं घालून बसला होता.

"पोरगी सापाच्या कामावर काहून गेली?"

"मावसाजी, मंजू ऑफिसात बसते," मी म्हटलं खरं; पण तिचा फोन लागेना, तेव्हा मीही पुन्हा पुन्हा लावत राहिले. ते ऐकेनात, म्हणून आम्ही दुर्गच्या एका दवाखान्यात गेलो.

"टायपॅन का इंजेक्शन है क्या?" मावसाजींनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काका, वो साँप तो ऑस्ट्रेलिया में होता है. किसको काटा?"

"अभी काटा नहीं. आज से काम शुरू है."

तेवढ्यात मंजूचाच फोन आला. मावसाजींना ऐकू कमी यायचं, म्हणून स्पीकर लावला. ती आधी पोट धरून हसली, मग तिनं समजावलं. सापाचं नाव ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. तिच्या साहेबांना म्हणतात तो टायपॅन चिनी बोलीतला, म्हणजे बडा उद्योगपती. उच्चार तेवढा सारखा. "रागीट आहेत थोडे, बाबा. चावत नाहीत."

मी हसले. मावसाजी हसले नाहीत. बाकावर बसून म्हणाले, "मंजू, तू लहान होती तवा नंदिनी खाणीवरच्या आपल्या क्वार्टरात साप निघाला होता. मी पहिले बाहेर पळालो. तू आतच राहिली. तवापासून मले..."



"आठवते ना, बाबा," मंजू म्हणाली. "तुम्ही मले घ्याले परत आत आलते."

मावसाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"आलतो का मी?" त्यांनी हळूच विचारलं.