दुखऱ्यांचा ओटा

कोणी माझ्यासमोर कंबर धरून "आई गं" म्हटलं की माझ्या तोंडून सहानुभूतीच्या आधी एखादा किस्साच बाहेर पडतो. घरातले कंटाळलेत. पण मी तरी काय करू? भाईंदरच्या त्या दवाखान्यात तीन वर्षं काढली, तिथून बाकी काही आणलं नाही, एवढंच साठलं. ऐकणारे हसतात. मी तेव्हा हसले नव्हते, नुसती धुमसत होते.

लढाईच्या दिवसांत मी मुंबईच्या एका लष्करी इस्पितळात नर्स होते. तिथली गोरी मेट्रन जखमी शिपायांना खाटेवरून उठवायची आणि हातपाय हलवायला लावायची. ते शिव्या द्यायचे, ती शांतपणे 'वन, टू' म्हणत राहायची. दोन-तीन महिन्यांत तेच शिपाई आपल्या पायांनी घरी जायचे. लढाई संपली, वॉर्ड बंद झाला आणि मी ही विद्या घेऊन भाईंदरला आले. इथल्या डॉक्टरांकडे जुन्या दुखण्यावर दोनच औषधं, लाल मिक्श्चर आणि आराम.

"डॉक्टर, ह्या लोकांना हलवायला पाहिजे," मी म्हटलं.

"बाई, पाठ दुखते म्हणून माणूस आपल्याकडे येतो. त्याला वाकायला सांगितलं तर तो उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल."

महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा त्यांनी मला बाहेरचा ओटा दिला. सामान म्हणजे एक बाकडं, तुळईवरून सोडलेली एक दोरी आणि शेकायला गरम मिठाच्या पुरचुंड्या. भाईंदरात मिठाला काय तोटा!

*

ओट्यावर पहिली आली ती फिलूबाय. दिवाळी नुकतीच झाली होती. उत्तनकडच्या एका कोळीवाड्यातली ख्रिस्ती बाई, नवरा दर्यात बुडून गेलेला, पदरात दोन मुली. भाईंदरच्या बाजारात मासळी विकायची जागा तिला सासूकडून आलेली. पण उजवा खांदा असा आखडला होता की हात छातीच्या वर जाईना. टोपली डोक्यावर चढवायला दोघीजणी लागायच्या.

दिराचा डोळा त्या जागेवर. वहिनीचा हात कामातून गेला, जागा माझ्या बायकोला द्या, असं तो जमातीच्या पंचांना सांगत फिरत होता. पंच म्हणाले, पावसाळ्याआधी ठरवू.

"जागा गेली तर काय करशील?" मी विचारलं.

"मंग मी नि पोरी दिराच्या चुलीवर. त्याची बायको वाढील तेवढं खायाचं."

मी दोरीचं एक टोक तिच्या दुखऱ्या हातात दिलं, दुसरं चांगल्या हातात. चांगल्यानं खाली ओढायचं, दुखरा वर जाईल. पहिल्याच दिवशी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बाय, तू नर्स हाय का फौजदार?" ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी बाजार आटपून आली बरं का, न बोलावता.

*

गोडदेव गावचा एक मिठागरातला गडी पाठ धरून आला होता. डॉक्टरांनी त्याला आराम सांगितला. मी हळूहळू चाल, रोज थोडं वाढव, असं सांगत होते, पण आराम हा शब्द त्याला जास्त आवडला. तीन आठवडे फिरकला नाही म्हणून मी त्याच्या घरी गेले, तर गडी बाजेवर उताणा, छपराकडे बघत पडलेला.

"मिठागरात कोण जातंय मग?" मी विचारलं.

"बायको जाते."

"दिवसभर वाकून मीठ ओढते, टोपल्या वाहते. तिची पाठ नाही का दुखत?"

त्यानं जरा विचार केला. म्हणाला, "इचारलं न्हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा हात धरून उठवला आणि बाजच दाराबाहेर नेऊन उभी केली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोघं आली. पाठ तिचीच जास्त वाईट होती.

*

स्टेशनाजवळ एक गुजराती सेठाणी राहायची. गुडघे धरलेले. मी तिला सांगितलं होतं, घरातल्या जिन्याची एक पायरी रोज वीस वेळा चढायची नि उतरायची. दीड महिना झाला तरी गुडघे जसेच्या तसे. येऊन माझ्यावरच डाफरली की तुझा इलाज खोटा आहे.

"रोज करता ना पण?"

"रोज! एक दिन भी छोडा नहीं. बहू करती है."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण नाही. सून रोज सासूच्या नावानं पायरी चढत होती, सासू झोपाळ्यावर बसून नजर ठेवत होती.

"उसके बच्चों के लिए उपवास मैं करती हूँ," सेठाणी म्हणाली, "तो मेरे लिए वो इतना नहीं करेगी?"

सुनेचे गुडघे मात्र एकदम फर्स्टक्लास झाले होते.

*

मग एक प्रतिष्ठित गृहस्थ आले. काळा कोट, टोपी, हातात छत्री. डॉक्टरांना म्हणाले, "रस्त्यावरून दिसतं सगळं. बायका ओट्यावर हात काय हलवतात, वाकतात काय. शोभत नाही."

मी आतून बाहेर आले. म्हटलं, "ह्याच बायका डोक्यावर टोपली घेऊन उत्तनहून चालत येतात, तेव्हा शोभतात का?"

"ती गोष्ट वेगळी. ते काम आहे."

म्हणजे दुसऱ्याचं ओझं उचलायला हात हलवला तर चालतो, आपलं दुखणं घालवायला हलवला की अब्रू जाते! मी बोलणार होते, पण डॉक्टरांनी डोळे वटारले आणि संध्याकाळपर्यंत ओट्याला किंतानाचा पडदा लावला. पडद्याआड काय चालतं म्हणून आठवडाभर अख्खं भाईंदर डोकावून गेलं. माझे दुखरे दुप्पट झाले. पुढच्या महिन्यात ते गृहस्थ स्वतः आले, मान धरून. पडदा नीट लावा म्हणाले.

*

फेब्रुवारीत फिलूबाय दोन आठवडे आलीच नाही. हात नुकता कपाळापर्यंत जायला लागला होता. आली तेव्हा खांद्यावर पदर घट्ट धरून. मी ओढून पाहिलं तर खांद्यावर तीन डाग, तापल्या लोखंडाचे, अजून ओले.

दिरानं नेलं होतं एका डागणाऱ्याकडे. वहिनीची फार काळजी त्याला! डागणाऱ्यानं वर बजावून सांगितलं होतं, हात मुळीच हलवू नकोस. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात. मी त्या दिराच्या नावानं आयुष्यात दिल्या नसतील इतक्या शिव्या दिल्या, सगळ्या ओट्यासमोर. डॉक्टरसुद्धा मिक्श्चर सोडून ऐकत उभे राहिले.

"तू का गेलीस?" मी ओरडले.

"घरात माझ्या बाजूनं कोन हाय?" ती म्हणाली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. जखमा भरेपर्यंत थांबलो आणि पुन्हा छातीपासून सुरुवात केली.

*

पावसाळा तोंडावर आला आणि जमात बसली. फिलूबायनं मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. जाळी वाळत घालायच्या मैदानात पुरुष पुढे बसलेले, बायका मागे उभ्या. हात बरा झाल्याचं बाजारातल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं. महिनाभर ती टोपली एकटीनं चढवत होती. पण बायकांना विचारतो कोण?

दीर उभा राहिला. "वहिनीचं मला वाईट वाटतं," तो म्हणाला, "पन हात न्हाय चालत तिचा. सगल्यांना ठावं हाय."

पुढे बसलेल्यांनी माना डोलावल्या. म्हातारे पंच म्हणाले, "मंग जागा ह्याच्या बायकोला. कोनाला कबूल नसंल त्यानं हात वर करा."

एकाही पुरुषाचा हात वर गेला नाही. मी मागे उभी राहून दातओठ खात होते. तेवढ्यात माझ्या शेजारून एक हात वर गेला. उजवा. कोपरात न वाकता, कानाला लागून सरळ वर.

पुढची सगळी डोकी मागे वळली. दीर खाली बसला. पंच त्या हाताकडे बघत म्हणाले, "फिलू, जमातीत बाईमानसाचा हात मोजत न्हाईत. खाली घे तो."

"सात म्हयने लागले वर न्यायाला," फिलूबाय म्हणाली. "आता खाली न्हाय घ्यायची."