कुंकू टिकेल असा कागद

केशरबाईला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला नातलगांना तिच्या शेवटच्या नाटकाची डीव्हीडी द्यायची, असं तिच्या नवऱ्यानं, नानासाहेबांनी, ठरवलं. लोहाऱ्यातल्या घरी नात निकिता डीव्हीडीच्या डबीसाठी केशरबाईच्या फोटोचं कव्हर छापत होती. साध्या कागदावर केशरबाई फिकी आली. चकचकीत कागदावर मात्र ती रंग लावून विंगेत उभी असल्यासारखी दिसली.

नानासाहेबांनी बोट ओलं करून त्या कपाळाला कुंकू लावलं. चाळीस वर्षं त्यांच्या हातचं कुंकू लावल्याशिवाय ती रंगमंचावर गेली नव्हती. बोटाखाली कपाळ, भुवया, सगळं फिसकटलं.

"आजोबा, कव्हर प्लास्टिकच्या आत राहणार. त्याला हात कोण लावतंय?"

"म्या लावणार की. दुसरा कागद घाल."

जाड, बिनचकाकीच्या कागदावर रंग जरा मंद आले, पण कुंकू जिरलं आणि चेहरा टिकला.

"हाच घे," ते म्हणाले.

कुंकू थोडं डावीकडं गेलं होतं. दर प्रयोगाआधी ती आरशात बघून म्हणायची, "आजबी वाकडंच लावलं तुमी." नानासाहेब कव्हर हातात धरून वाट बघितल्यासारखे थांबले.

"छान लावलंय, आजोबा," निकिता म्हणाली, आणि त्यांना रडू आवरेना.