हनीफ पेंटर आणि माझा डावा हात

टेबल लावणं ह्ये माझं काम. टेबल म्हंजी जेवायचं न्हाई. आमच्या चित्रकलेच्या कॉलेजात पोरं समोरची वस्तू बघून काढायला शिकत्यात, तर त्यांच्यापुढं जे काय मांडायचं त्याला टेबल म्हणायचं. एक माठ, दोन वांगी, पितळी तांब्या, मागं निळा पडदा. माठ कुठं ठेवायचा ह्ये डुंबरे मॅडम सांगायच्या. पण एक टेबल तीन-तीन दिवस चालतं, तवर वांगं ताजं कसं ठेवायचं ह्ये काय मॅडमला माहीत न्हवतं. त्याच्यावर ओला फडका टाकून कपाटाला कुलूप घालायचं, न्हाईतर पोरं भरीत करून मोकळी. लोकांला वाटतं शिपाई म्हंजी घंटा वाजवायची आन् चहा आणायचा. अवो, त्या स्टुडिओत रखमाजीशिवाय पान हालत न्हवतं.

आता माझ्या हाताचं सांगून टाकतो, कारण पुढं तोच येतोय. माझ्या डाव्या हाताला तीनच बोटं. अठ्ठ्याऐंशी साली कडबाकुट्टीच्या मशीनात करंगळी आन् तिच्या शेजारचं गेलं. आमच्या ठमाबाईनं, म्हंजी बायकोनं, ती बोटं चिंधीत गुंडाळून पिंपळवंडीच्या आमच्या मळ्यात पुरली. तवापासनं माझ्या खांद्यावर टॉवेल. लोकांला वाटायचं घाम पुसायला. कसला घाम? हात झाकायला व्हता तो. लग्नात, एसटीत, फोटोत, कुठंबी बघा, डावा हात टॉवेलाखाली. कुणी इचारलं तर माझं डोकंच फिरायचं.

दोन हजार दोनच्या जूनमधी हनीफ आला. महंमद हनीफ, आळेफाट्याचा बोर्ड पेंटर. बाकीची पोरं अठरा-एकोणीसची आन् ह्याच्या दाढीत पांढरे केस. पैल्या दिवशी मी त्याला कुणाचा तरी बाप समजून खुर्ची दिली, तर गडी लाजून म्हणतो, "भाऊ, मी शिकायला आलोय." फाट्यावरची निम्मी हॉटेलं आन् गॅरेजं त्याच्याच अक्षरातली. ट्रकच्या फाळक्यावर गाय-वासरू काढावं तर त्यानंच. पण पुण्याहून फ्लेक्स यायला लागले, आन् ब्रशाला कोण इचारतंय? शाळेत असताना ड्रॉइंगची परीक्षा पास झालेला, तेवढ्या कागदावर त्यानं दोन वर्षांच्या कोर्सला नाव घातलं. ड्रॉइंग मास्तर व्हायचं. राजुरीच्या एका शाळेत जागा निघणार व्हती. घरी बिबिजान, त्याची बायको, शिलाई मशीनवर घर वढत व्हती. तिला त्यानं शब्द दिला व्हता, दोन वर्षांत पास झालो तर मास्तर, एका बी विषयात गेलो तर हा नाद सोडला.

पैल्याच टेबलाला पोरांनी तोंडात बोटं घातली. ती अजून पेन्सिलीला टोक काढतायत, आन् हनीफचा माठ तयार! गोल गरगरीत, चकाकता. मी मनात म्हणलं, हा तर मॅडमलाच शिकवंल. मॅडम त्याच्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"हनीफ, माठाकडं किती वेळा बघितलंत?"

"एकदा बघितलं की मॅडम."

"मग त्याचा काठ फुटलाय, तो कुठं गेला?"

खरंच फुटला व्हता. मीच धुताना नळावर आपटला व्हता, चांगला चार बोटांचा टवका उडालेला. हनीफच्या कागदावर माठ कसा एकदम नवाकोरा. शिवाय उजेड उजवीकडच्या खिडकीतनं येत व्हता, तरी सावली बी त्यानं उजवीकडंच टाकलेली, कारण बोर्डावर अक्षराची सावली तिकडंच पडती.

हनीफ म्हणाला, "मॅडम, हाटेलाच्या बोर्डावर फुटका कप काढला तर मालक मला उभं करंल का? मी आजवर समद्यांचं चांगलंच करून दिलंय."

"इथं मालक नाही," मॅडम म्हणाल्या. "इथं माठ आहे. तो जसा आहे तसा काढा."

सोपं वाटतं ना? वर्ष गेलं त्यात. वांगं सुकून सुरकुतलं तरी ह्याच्या कागदावर ते बाजारातनं आत्ताच आणल्यागत. मी चिडायचो. मग माझ्या ओल्या फडक्याचा उपयोग काय? पैलं वर्ष तो काठावर सुटला. घरी जाताना म्हणाला, "भाऊ, हात ऐकंच ना. डोळ्याच्या आधीच पळतोय." मला वाईट वाटलं, पण वाईट वाटून काय करणार?

दुसऱ्या वर्षी माणूस समोर बसवून काढायचा विषय. बाजारातनं एक म्हातारबाबा बसायला यायचे, ते आजारी पडले. मॅडम म्हणाल्या, रखमाजी, आज तुम्ही बसा. बसलो स्टुलावर, डावा हात टॉवेलाखाली. समद्यांनी कागदावर टॉवेल बी काढला. हनीफनं काय केलं? टॉवेल त्याला अडचणीचा वाटला असंल, त्यानं तो काढलाच न्हाई. माझा डावा हात मांडीवर ठेवला, आन् त्याला पाच बोटं. अशी सुरेख बोटं की हातात कधी खुरपं धरलंच न्हाई!

पोरं हसायला लागली. मी त्यांच्यावर असा खेकसलो की दोघी रडायच्या बेतात आल्या. मॅडमनी हनीफला बाजूला नेऊन माझ्या बोटांचं सांगितलं. मग तो माझ्याकडं आला, मान खाली. "भाऊ, दीड वर्ष तुमच्या हातचा चहा पितोय. मला दिसलंच न्हाई." माझ्या हाताचं राहू द्या, तो स्वतःलाच भ्यायला व्हता. बाहेरनं परीक्षक येणार, असं मनातलं काढलं तर गेलाच.

ते चित्र मात्र मी मागून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला लई आवडलं व्हतं. घरी नेऊन खिळ्याला लावलं. ठमाबाईनं बराच वेळ बघितलं आन् म्हणाली, "ह्ये कोण पावणं?" दोन दिवस मी तिच्याशी बोललो न्हाई.

त्यानंतर मॅडमनी हनीफला धरला. त्याचा कागद पुठ्ठ्यानं झाकायच्या. हातातली पेन्सिल पुठ्ठ्याखाली, डोळे समोर. कागदाकडं बघायचंच न्हाई. पंधरा-पंधरा मिन्टं. पुठ्ठा उचलला की खाली नुसता गुंता असायचा. हनीफला घाम फुटायचा. "डोळे कागदावर राहिले की समजायचं, आपण मनातलं काढतोय," मॅडम म्हणायच्या. त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून मला बी पाठ झालं. हळूहळू माठाचा टवका कागदावर दिसायला लागला. फाट्यावर बसून तो पंक्चरवाल्याचे गुळगुळीत टायर काढायचा, गुळगुळीतच.

दोन हजार चारचा एप्रिल, परीक्षा. बाहेरचे परीक्षक आलेले, जाड चष्म्याचे. म्हातारबाबा ऐनवेळी आलेच न्हाईत. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. बसलो. परीक्षक म्हणाले, "हाताला गुण आहेत, टॉवेल काढायला सांगा." मॅडम मधी पडल्या. "राहू द्या सर, उजवा हात मोकळा आहे, तो काढतील." मॅडमचं मन मोठं. पण परीक्षेच्या नंबरानं जागा वाटलेल्या, आन् हनीफची जागा आली नेमकी माझ्या डाव्या अंगाला. तिथनं उजवा हात दिसतच न्हवता. त्याच्या वाट्याला नुसतं टॉवेलाचं बोचकं.

अर्धा तास झाला. मला मान हालवायची न्हाई, पण डोळे फिरवता येत व्हते. हनीफचं डोकं झालं, खांदा झाला. मग तो बोचक्यापाशी आला. एकदा वर बघितलं. मग डोळे कागदावर गेले आन् तिथंच राहिले. पेन्सिल मात्र चालली व्हती.

मी ओळखलं. काढतोय, पाच बोटं काढतोय गडी!

मी टॉवेल वढला आन् खाली टाकला. हात मांडीवर ठेवला, तिन्ही बोटं फाकवून. पेन्सिलींचा खरखराट थांबला.

"मॉडेलनं हलायचं नसतं," परीक्षक गुरकावले.

"आता न्हाई हालत," मी म्हणलं.

हनीफनं मान वर केली. मग त्यानं कागदावर रबर फिरवलं, आन् जे बघायला लागला, ते बघतच राहिला. एकदा हात, एकदा कागद. परत हात. सोळा वर्षांत माझ्या हाताकडं इतकं कुणी बघितलं न्हवतं, ठमाबाईनं बी न्हाई. मी बघू दिलंच न्हवतं. पैला तासभर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाम मानेवरनं पाठीत उतरत व्हता, आन् टॉवेल खाली पडलेला. मग कधीतरी ते वाटायचं बंद झालं. हात मांडीवर पडला व्हता, एवढंच.

परीक्षेचे कागद मुंबईला गेले, ते परत येत न्हाईत. गठ्ठा बांधताना मला ते चित्र जेवढं दिसलं तेवढंच. मॅडम म्हणाल्या, "रखमाजी, तुटल्या जागेचं वळणसुद्धा आलंय."

हनीफ पास झाला. राजुरीची जागा बी मिळाली. पेढे घेऊन आमच्या घरी आला आन् भिंतीवरचं जुनं चित्र बघून ओशाळला.

"भाऊ, ह्ये अजून ठेवलंय? दुसरं काढून देतो."

"दुसरं नको. ह्येच नीट कर."

त्यानं चित्र खाली उतरवलं, खिशातनं रबर काढलं. मी हात पुढं धरला, ठमाबाईच्या समोर. दोन बोटं खोडून त्यानं तिथं जशी हायेत तशी खुंटं काढली. पण कागद जुना, पेन्सिल दाबून चाललेली. कितीबी घासलं तरी ती दोन बोटं पुसट राहिलीच. हनीफ वरमला. "जात न्हाईत वयनी. नव्या कागदावर काढतो."

ठमाबाई चित्र हातात घेऊन उभी व्हती. म्हणाली, "राहू द्या मास्तर. मला बी ती अशीच दिसत्यात."

मी चित्र घेतलं आन् परत खिळ्याला लावलं.