आईचा कढीपत्ता

बाबा गेल्यावर आई पुण्याहून कायमची माझ्याकडे मयूर विहारला आली, तेव्हा तिच्या सामानात कढीपत्त्याचं रोप होतं. बाबांनी लावलेल्या झाडाचंच पिल्लू. सोसायटीत आमच्या जिन्याशेजारी थोडी मोकळी माती होती, तिथे तिने ते लावलं. दिल्लीचे दोन हिवाळे काढून ते माझ्या खांद्याला लागलं. शेजारणी फोडणीपुरती पानं मागायला येऊ लागल्या आणि त्या निमित्ताने आई पुन्हा बोलती झाली.

तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना त्याच जागेवर दुसरी गाडी लावायची होती. त्यांनी ते कधी लपवलं नाही. येता-जाता हसत म्हणायचे, "आंटीजी, आपका ये पेड़ एक दिन मैं कटवा दूँगा."

पहिल्यांदा ऐकून आईचा चेहरा उतरला. "तोडेल हं तो खरंच," ती म्हणाली. मी वीस वर्षं दिल्लीत मुरलेली, मला हसू आलं. "अगं, इथे 'देख लूँगा' म्हणजे नमस्कार. बिल्कुल मनावर घेऊ नकोस." हाच माणूस मराठीत 'झाड तोडीन' म्हणाला असता, तर मी दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीकडे अर्ज दिला असता. हिंदीतली धमकी मला नाटकातल्या संवादासारखी वाटायची. अतिशहाणपणा, दुसरं काय!

हळूहळू आईही हसायला लागली. होळीला त्यांच्याकडून गुजिया आल्या, तिने पुरणपोळ्या पाठवल्या. पुढे भाचीच्या लग्नाला पुण्याला निघालो, तेव्हा झाडाला पाणी घालायचं काम मी त्यांच्यावरच सोपवलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

"पानी किसलिए? मैं तो काटने वाला हूँ," ते म्हणाले. आम्ही तिघंही हसलो.

आठ दिवसांनी परतलो, तर तिथे फरशी बसवली होती आणि वर गाडी उभी होती. मी तणतणत त्यांचं दार वाजवलं. ते खरोखर गोंधळले. "बहनजी, मैंने तो हर बार बताया था. आपने एक बार भी मना नहीं किया."

तशीच वर आले. आई आमटीला फोडणी देत होती, नुसत्या मोहरी-हिंगाची. उद्याच तक्रार करते, सोडत नाही त्यांना, असं मी बडबडत राहिले. तिने गॅस बंद केला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं," ती म्हणाली. "मग तू मला हसायला शिकवलंस."