माझ्या वहीला लाल शाई लागलीच न्हाई

मॅडमनी माझा निबंध दोन बोटांत धरून अख्ख्या वर्गाला दाखवला. जालन्याच्या कॉलेजात मी नवीनच आल्ते.

"याला इंग्रजी म्हणतात? कोणी शिकवलं तुला?"

पोरं हसली. मी मान वर करून आमच्या सरांचं नाव सांगितलं. शाळेत सरांनी माझी एकबी चूक काढली नव्हती. मॅडमच चुकल्या असतील, असं वाटलं मला.

मंठ्याजवळच्या आमच्या गावात सर पाटलाच्या पोराची वही लालेलाल करायचे. क्रियापद चुकलं की गोल. परत लिही. पोरगं रडायचं. आम्हा बौद्धवाड्यातल्या पोरींच्या वहीवर नुसती बरोबरची खूण, खाली 'गुड'. माझी माय ते 'गुड' शेजारणींना दाखवत फिरायची. तिला वाचता येत नव्हतं. लाल शाई न्हाई म्हणजे पोरगी हुशार, एवढंच तिला ठाऊक.

रविवारी एसटीनं गावाकडं गेले. निबंध घेऊन थेट सरांच्या घरी. सर ओसरीत बसून पाटलाच्या धाकट्याची वही तपासत होते. हातात लाल पेन. मी विचारलं, सर, माझ्या चुका का न्हाई दाखवल्या कधी?

सर रागावले न्हाईत. मायेनं बोलले, तेच जास्त लागलं.

"अगं, तुमच्या पोरींना कुठं इंग्रजीत नोकऱ्या करायच्यात? दहावी झाली की लग्नं. उगं कशाला मन मोडायचं?"

अंगाची लाही लाही झाली. ह्या माणसाच्या मी पाया पडत आल्ते. शिव्या दिल्या असत्या तर दुश्मन तरी कळला असता. ह्यानं केसानं गळा कापला.

निबंध त्यांच्यापुढं ठेवला. "आता तपासा. पाटलाच्या पोराचं तपासता तसं."

सरांनी पेनाला टोपण लावलं. म्हणले, आता काय उपयोग.

पुढं एकेक चूक सुधारत मी इंग्रजी शिकले. आज मी त्याच गावात, समाजमंदिरात, आमच्या लेकरांना इंग्रजी शिकवून राह्यले. एकूणएक चूक लाल करते. आया भांडायला येतात, लेकरू रडलं म्हणतात. रडू द्या म्हणते, अन् शेजारी बसून परत लिहून घेते.

सर आता रिटायर होऊन राह्यलेत. गावानं सत्कार ठेवलाय. त्यांची हुशार विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला सांगितलंय. जाणार. जुनी वही संगं नेणार. मंडपात ते 'गुड' सगळ्यांना दाखवणार, अन् त्याच्या वरच्या माझ्या चुका माईकवर एकेक वाचणार, सरांच्या तोंडावर.

हार घालायला दुसरं कुणी बघा.