लघुग्रहाच्या घुगऱ्या

केयूरचं नाव अंबिकाआत्यानं ठेवलं होतं. त्यानं शोधलेल्या लघुग्रहाचं नावही आपणच ठेवणार, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, मग बाळ पाळण्यात असो की आभाळात!

केयूर तिच्या भावाचा, अनंतरावांचा मुलगा. अंबिकाचं लग्न राहिलं ते राहिलंच. पोराचं न्हाऊमाखू, पाढे, शुभंकरोती, सगळं तिच्या हातचं. पुढं तो परदेशी वेधशाळेत लागला. मंगळ आणि गुरूच्या मधे फिरणारा एक बारका दगड त्याला सापडला. पाच वर्षं त्याची वाट तपासल्यावर त्याला क्रमांक मिळाला आणि नाव सुचवायचा हक्क केयूरला. त्या दिवशी अंबिकानं चिठ्ठीवर 'रेणुका' लिहून देवीच्या तसबिरीमागं ठेवलं. आपण होऊन सांगायचं नाही. विचारील की तो.

केयूरचा निरोप आला, "आत्या, रविवारी फोन करतो. नावाचं बोलायचंय." झालं! टँकर आठवड्यानं येत होता, तरी तिनं शेरभर हरभरे भिजवले, बारशासारख्या घुगऱ्या केल्या, शेजारच्या बायकांना बोलावलं.

फोन आला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला. "आत्या, नाव मंजूर झालं. लीलाबाई."

"कोण लीलाबाई?" तिनं विचारलं खरं, पण तिला ठाऊक होतं.

"म्हणजे आत्याबाईंना विचारलंच नाही?" शेजारची मनस्विनी म्हणाली. अंबिकानं घुगऱ्यांवर झाकण घातलं.

दोन हजार तीनचा दुष्काळ. शहराबाहेरच्या त्यांच्या या सातारा परिसरात तेव्हा चार बंगले, बाकी माळ. समोरच्या बांधकामावर वैजापूरकडून आलेली लीलाबाई पत्र्याच्या खोलीत राहायची. टँकर पहाटे यायचा. घागर घेऊन रांगेत उभं राहायची अंबिकाला लाज वाटे. पूजेचं निमित्त करून ती केयूरला पाठवी. रांगेत लीलाबाई त्याला आभाळ दाखवायची. सप्तर्षींना बाज, म्हणजे खाट, म्हणायची. पोरगं घरी येऊन विचारायचं, "आत्या, तू बाज बघितलीस का?" ती म्हणायची, "आधी पाय धू."

"आत्या, ऐकतेस ना?" केयूर म्हणत होता. "तिला कानात तूच सांग. बारशाला आत्याच सांगते ना?"

घुगऱ्यांचा डबा घेऊन ती बजाजनगरला गेली. लीलाबाई मुलाकडं राहत होती. थकलेली, कानानं अधू. सहज आले म्हणावं, डबा ठेवावा आणि उठावं. हिला कोण सांगणार आहे?

"केयूर बराय का?" लीलाबाई ओरडूनच बोलायची. "लई इच्चारायचा बगा! एकदा म्हनला, आत्याला पण आणतो. मी म्हनलं, नगं रं. त्या देवाजवळ बसत्यात, म्हनून तर आपल्याला पाणी मिळतंय."

अंबिकाला मान वर करवेना. एवढी वर्षं हिला हे खरं वाटत होतं! ती उठली, लीलाबाईच्या कानाशी वाकली, "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगितलं. तिसऱ्यांदा तर गल्लीला ऐकू गेलं.

"दगडाला? माझं?" लीलाबाई तोंडाला पदर लावून हसली. मग थांबली. "आन तुमचं वो?"

"घुगऱ्या खा," अंबिका म्हणाली.

घरी येऊन तिनं चिठ्ठी काढली. देवीसमोर खोटं कशाला? हेवा काही गेला नव्हता. चिठ्ठी फाडायला हात उचलला आणि पुन्हा तसबिरीमागं सारली. मग केयूरला फोन लावला.

"सांगितलं. तीनदा सांगितलं. आणि हे बघ, पुढचा दगड सापडला तर आधी मला विचारायचं!"