वाऱ्याच्या मापाची पट्टी

कपडे शिवून पोट भरणाऱ्या त्या बाईची जीभ एरवी सुईसारखी. पण त्या दिवशी तिचा थोरला भाऊ बोलत होता आणि ती गप्प उभी होती.

"आबांना मी माझ्याकडे नेतो," दादा म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? छातीला गार वारा लागता कामा नये. आणि तुझ्या खोलीत तर वारा भाडं न देता राहतो. रविवारी गाडी घेऊन येतो."

दोघांचे वडील, आबा, पलंगावर उशीला टेकून बसले होते. उभं आयुष्य त्यांनी नदीत होडी चालवली. आता खिडकीतून नदी बघत बसणं एवढंच उरलं होतं. दादाच्या घरातून समोरची भिंत दिसायची. त्यांनी पांघरुणाची कड मुठीत आवळून धरली. बाईने ती मूठ पाहिली आणि मनाशी गाठ मारली. रविवारच्या आत वारा जाईल, आबा जाणार नाहीत.

ती लहानपणापासून अशीच. आई गेली तेव्हा बसून मशीनच्या पायडलवर पाय पोचत नव्हते, तर उभ्याने शिवायला शिकली. उसवलेलं काही म्हणून तिला बघवायचं नाही, मग ते कापड असो की घर.

दुसऱ्या दिवशी काम बाजूला सारून तिने दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि दाराखिडकीच्या कडेकडेने हात फिरवत गेली. दोरा हलेल तिथे खडूची खूण. बिजागरीपाशी तो निवांत लोंबत होता, कडीच्या बाजूला थरथरला, आणि दाराखालच्या फटीशी तर पिसाटल्यासारखा उडाला.

"किती चोर सापडले?" आबांनी विचारलं.

"मोजत नाही. वाट बंद करते."

हार्डवेअरवाल्याने स्पंजची पट्टी पुढे केली. "ताई, सगळे हीच नेतात."

तिने पट्टी बोटांत दाबून सोडली. दबली ती दबलेलीच राहिली. "हिला कणा नाही. दार रोज दाबणार, महिन्यात चप्पट होईल." मग आतून पोकळ अशी रबराची पट्टी तिने दाबली. ती फुगून पुन्हा वर आली. तिने आणखी दहादा दाबून पाहिली.

"पट्टी घेताय की नवरी पसंत करताय?"

"नवरीला लोक एवढा वेळ देत नाहीत. ही द्या. आणि दाराखाली लावायला ब्रशवाली."

"चौकट आधी खरवडून, पुसून घ्या. नाहीतर पट्टी लाकडाला नाही, धुळीला चिकटेल."

तिने तसंच केलं. रंगाचे पोपडे पॉलिश पेपरने घासून काढले, चौकट पुसून वाळू दिली. खिडकी झकास जमली, दाराखालची ब्रशवालीही बसली. दाराशी मात्र हाडात मुरलेली सवय आडवी आली. कापड बेतताना शिलाईसाठी बोटभर जास्त सोडायचं, तशी तिने पट्टीही बोटभर जास्त कापली आणि उरलेलं टोक कोपऱ्यात कोंबलं. दार लावलं, तर कोपऱ्यात रबराचा गोळा आणि कडी कोयंड्यापासून लांब.

आबा हसले, हसता हसता खोकले. "दार काय वाढत्या अंगाचं आहे का गं? पुढच्या वर्षी तोकडं पडेल म्हणून सोडलंस?"

तिला राग आला तो स्वतःचा. ओरबाडून काढलेली पट्टी पुन्हा चिकटेना, तेव्हा तशीच दुकानात गेली आणि दुसरी घेऊन आली. या खेपेला काठोकाठ कापली. ताणली मात्र नाही. ताणून लावलेलं नंतर आक्रसतं, हे तिला इलॅस्टिकने केव्हाच शिकवलं होतं.

रविवारी नदीवरून बोचरा वारा सुटला होता. दादा भाड्याची गाडी घेऊन आला, पलंगापाशी बसला, खिडकीच्या कडेने त्याने तळहात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"वारा नाही," तो शेवटी म्हणाला. मग दाराकडे वळला. "पण हे दार लावायला जोर लागतोय. तू माप घ्यायला बाहेर गेलीस, तर आबांच्या हाताने ते लागणार आहे का? उघडं राहिलं तर काय उपयोग?"

बोलणं खरं होतं. आबा उठले, दोन्ही हातांनी दार रेटलं. कडी कोयंड्यापर्यंत आली, आत जाईना. दादाने बहिणीकडे पाहिलं.

"सामान भरू?" त्याने हळूच विचारलं.

"थांब."

तिने पेचकस घेतला, कोयंड्याचे स्क्रू काढले आणि कोयंडा कडीच्या बाजूला सूतभर सरकवून बसवला. घाई केली नाही. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता. तो वाजत राहिला.

"लावा आता, आबा."

आबांनी दाराला खांदा दिला, काठावरून होडी लोटताना द्यायचे तसा. कडी बसली. त्यांनी ती काढली आणि पुन्हा लावली, या वेळी एका हाताने.

भोंगा परत वाजला. दादा दार उघडून उंबरठ्यात उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर.

"एक काय ते ठरव रे," आबा मागून म्हणाले. "वारा येतोय."

दादाने हात हलवून गाडी परत पाठवली. मग आत आला आणि त्यानेच दार लावून घेतलं.